मीटर एक, चुली चार

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



भोसरीत आमचे दुमजली घर आहे. वर आम्ही राहतो. खाली तीन खोल्या भाड्याने दिल्या आहेत. प्रत्येक खोलीत एक कुटुंब, प्रत्येकाची शेगडी वेगळी. मीटर मात्र एकच आणि तो आमच्या नावावर. खोल्यांना सबमीटर आहेत. महिन्याच्या शेवटी त्यांचे आकडे उतरवून घ्यायचे आणि आलेल्या लाइट बिलाची वाटणी करायची, हे काम माझ्याकडे असते. ही तर मालक-भाडेकरूंची घरगुती बाब, त्यात आयोगाने काय करायचे, असे आपल्याला वाटेल. पण गल्लीतली लाइट बिलाची भांडणे वर्षानुवर्षे पाहून माझे मत पक्के झाले आहे की त्यांचे मूळ बहुतेक वेळा आपल्या दरपत्रकात असते. म्हणून हे पत्र आपल्याला.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिली शंभर युनिटे स्वस्त, पुढची दोनशे महाग, त्यापुढची आणखी महाग. यामागचा हेतू मला मनापासून पटतो. दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही एवढ्यावर भागवणाऱ्या घराला वीज परवडली पाहिजे आणि एसी लावणाऱ्याने जास्त मोजले पाहिजे. पण टप्पा मोजला जातो मीटरमागे, चुलीमागे नाही. चार कुटुंबे एका मीटरवर आली की चौघांना मिळून शंभरच युनिटे स्वस्त मिळतात. बाकीचा वापर सरळ वरच्या टप्प्यात चढतो, मग तो वापर पंख्याचा असो की एसीचा.

आकड्यांत सांगते. आपल्या ३१ मार्च २०२३ च्या आदेशात महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी २०२४-२५ चे दर होते : शंभर युनिटांपर्यंत ४.७१ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत १०.२९, ३०१ ते ५०० पर्यंत १४.५५. त्यावर युनिटमागे १.१७ रुपये वहन आकार, एकफेज जोडणीला १२८ रुपये स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन बाजूला ठेवते. पुढे दर बदलले, चढत्या टप्प्यांची पद्धत तीच राहिली.

आता आमच्यासारखेच एक घर धरा. वरचे मालक उन्हाळ्यात २८० युनिटे वापरतात, खालची तीन कुटुंबे प्रत्येकी ७०. मीटरवर एकूण ४९० युनिटे. बिल येते सुमारे ६,९५० रुपये, म्हणजे युनिटमागे १४ रुपये २० पैसे. मालक अगदी सरळ माणूस असला, एक पैसाही जास्त न घेता सरासरी दराने वाटणी केली, तरी ७० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाला ९९० रुपयांच्या पुढे द्यावे लागतात. त्याच कुटुंबाचा मीटर वेगळा असता तर स्थिर आकार आणि शुल्क धरूनही बिल आले असते सुमारे ६२५ रुपये. वर्षाचा फरक चार हजारांवर जातो. चार वेगळ्या मीटरांची बिले एकत्र केली तर ती ५,१०० च्या आसपास भरतात. म्हणजे महिन्याला साडेअठराशे रुपये हे घर केवळ मीटर एक असल्यामुळे जास्त भरते. त्यातला मोठा वाटा जातो तो ज्यांच्यासाठी स्वस्त टप्पा राखला होता त्यांच्या खिशातून.

आणि यात अन्याय फक्त रकमेचा नाही. सरासरीने वाटणी केली की वरच्या एसीने चढवलेला टप्पा खालच्या पंख्यालाही भरावा लागतो. आम्ही घरात वेगळी रीत धरली आहे. प्रत्येकाचा मीटर वेगळा असता तर किती बिल आले असते ते आधी काढायचे आणि आलेले बिल त्या प्रमाणात वाटायचे. वरच्या उदाहरणात मग खोलीमागे ८५० रुपये पडतात आणि मालकाला ४,४०० च्या आसपास. ही रीत मी शेजारच्या मालकांना समजावून सांगते, पण ती कागदावर मांडून दाखवायला लागते आणि बहुतेकांना तेवढा वेळ नसतो. ते एक ठोक दर सांगून मोकळे होतात. बारा रुपये. पंधरा रुपये. कुठे अठरा.

पंधरा रुपये युनिट ऐकले की मालक लुटारू वाटतो. वर मांडलेल्या घरात तो लुटारू नाही. त्याला स्वतःलाच सव्वाचौदा पडले आहेत. पण दुसरे घर घ्या. मालक तिथे राहत नाही, चार खोल्या, प्रत्येकीत ६० युनिटे. मीटरवर २४० युनिटे आणि बिल २,७०० रुपयांच्या आत. पंधराने वसुली होते ३,६००. नऊशे रुपये दर महिन्याला मालकाला सुटतात आणि भाडेकरूंना ते कळायला कोणताही मार्ग नाही. ठोक दराची खरी खोट हीच आहे. प्रामाणिक मालक आणि नफेखोर मालक बाहेरून सारखेच दिसतात.

त्यात आता छतावरचे सोलर आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजना चांगली आहे, आमच्या गल्लीतही पत्र्यांवर, गच्च्यांवर पॅनेल दिसू लागली आहेत. पण ज्या घरात भाडेकरू आहेत तिथे मालकाचे बिल जवळजवळ शून्यावर आले तरी खालच्या खोल्यांचा पंधराचा दर तसाच चालू राहू शकतो. लोकांच्या करातून दिलेल्या अनुदानावर लोकांनाच वीज विकली जाण्याची ही वाट आहे, आणि आजच्या नियमांत ती कुणी अडवत नाही.

वीज कायदा २००३ चे कलम १२ परवान्याशिवाय वीज वाटायला किंवा तिचा व्यापार करायला मनाई करते. आलेल्या बिलाचा वाटा भाडेकरूकडून घेणे हा व्यापार नव्हे, हे कुणीही मान्य करील. बिलापेक्षा जास्त घेणे मात्र वेगळे. त्या दोहोंमधली रेघ कुठे, ते आपण स्पष्ट लिहून द्यावे, ही माझी पहिली विनंती. ब्रिटनमध्ये ऑफजेम या ऊर्जा नियामकाने ती कधीच आखली आहे. वीज किंवा गॅस पुढे देणाऱ्या घरमालकाने स्वतः भरलेल्या दरापेक्षा जास्त घ्यायचे नाही, घेतलेच तर भाडेकरूला ते परत मागता येते. तिकडे शिकायला गेलेली आपली मुले एका घरात पाच-सहा जण मिळून राहतात तेव्हा हा नियम त्यांना लागू असतो. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्याच भावंडांसाठी तसा काही नाही.

कॉट बेसिसचे थोडे सांगायला हवे, कारण तिथे स्वतंत्र मीटर हे उत्तर नाही. एका खोलीत चार कॉट, चौघांचा एक पंखा, एक ट्यूब, एक गिझर. तिथे बिल माणशी ठोक धरतात, भाड्यात मिसळतात किंवा 'जास्त आले' म्हणून महिन्याच्या शेवटी वेगळे मागतात. परीक्षा जवळ आली की मुले रात्रभर दिवा लावून बसतात, तेव्हा त्यावरून कुरबुरी सुरू होतात. बुलढाण्याहून किंवा नांदेडहून आलेल्या मुलाला बिल बघायला मागायचा संकोच वाटतो. डिपॉझिट मालकाकडे अडकलेले असते. महावितरणचे बिल बघायला मोठे काही लागतही नाही. बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि बिलिंग युनिट माहीत असले की संकेतस्थळावर बिल उघडते. पण तो क्रमांक मालकाकडे, संदेश येतो तो मालकाच्या मोबाइलवर, आणि ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला एकूण आकडा फक्त तोंडी सांगितला जातो. भाडे घेणाऱ्या प्रत्येक मालकाने हा क्रमांक भाडेकरूला द्यावा, एवढा साधा नियमही पुष्कळ भांडणे सुरू होण्याआधीच थांबवील.

सबमीटरबद्दलही एक शब्द. परवानाधारकाचा मीटर तपासला जातो, शंका आली तर तपासून मागता येतो. खोलीबाहेर लावलेला सबमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेला असतो, वायरमनने अर्ध्या तासात बसवलेला असतो. तो पळतो की रेंगाळतो हे कुणी पाहत नाही. कित्येक घरांत पाण्याची मोटर किंवा जिन्यातला दिवा एखाद्या खोलीच्या सबमीटरवर जोडलेला असतो आणि ते त्या खोलीतल्यांना माहीतही नसते. आमच्याकडे मोटरचा सबमीटर वेगळा आहे. तो खर्च चार घरांत सारखा वाटतो. प्रत्येक मालकाने असे करावे असे मी आग्रहाने सांगत असते.

वाद चिघळला की मालकाच्या हातात एक हत्यार असते आणि भाडेकरूच्या हातात काहीच नसते. मालक खोलीचा फ्यूज काढतो. महावितरणला थकबाकीसाठी वीज तोडायची तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. घरमालक मात्र जेवणाच्या वेळेला, पाहुणे आलेले असताना, तान्हे मूल घरात असताना बटण खाली करतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ ने भाडेकरूची वीज, पाणी तोडायला मनाई केलेली आहे. पण आज खोल्या मिळतात त्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, आणि असा करार करून राहणारा त्या कायद्याच्या व्याख्येतला भाडेकरू ठरत नाही. कित्येकांकडे तर करारही नसतो. रात्री नऊ वाजता अंधारात बसलेल्या कुटुंबाने कोणत्या कलमाकडे बघायचे? ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे तर तिथे वीज कंपनीविरुद्धची तक्रार चालते, घरमालकाविरुद्धची नाही.

आता मालकांची बाजू मांडते, कारण ती मला आतून माहीत आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय कोणताही नियम गल्लीत टिकणार नाही. भाडेकरू बिल न देता रातोरात खोली सोडून जातो तेव्हा थकबाकी मालकाच्या नावावर राहते. वर्षाकाठी सुरक्षा ठेव वाढते, तिची पावती मालकाला येते. गावठाणातल्या किंवा गुंठेवारीतल्या घरांत मीटरचा बोर्ड लावायला जागा नसते, सातबारावर पाच भावांची नावे असतात, सगळ्यांच्या सह्या मिळवायच्या म्हणजे वर्ष जाते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भीती. भाडेकरूच्या नावावर मीटर गेला की खोली गेली, असे आमच्या आधीची पिढी मानत आली. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात पंधरा-वीस रुपये भाड्यात अडकून पडलेल्या वाड्यांच्या गोष्टी पुण्यात ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही भीती समजेल. लाइट बिल हा पत्त्याचा पुरावा म्हणून सगळीकडे चालतो, तेव्हा उद्या तोच कागद कोर्टात आपल्याविरुद्ध ठेवला जाईल, असे मालकाला वाटते. तो नाहरकत पत्र देत नाही याचे कारण फार वेळा हेच असते, विजेत नफा कमवायची इच्छा नव्हे.

कायदा याबाबतीत भाडेकरूच्या बाजूने पुरेसा स्पष्ट आहे. वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने मागणी केली की वीज देणे हे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, सांगितले की वीज ही मूलभूत सोय आहे आणि मालकाने नाहरकत पत्र दिले नाही एवढ्यावर भाडेकरूला ती नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही एवढेच बघायचे. मग नवीन जोडणीसाठीच्या कागदपत्रांत भाडेकरूकडे मालकाचे नाहरकत पत्र अजून कशासाठी मागितले जावे? हा निर्णय प्रत्येक उपविभागाच्या खिडकीपर्यंत पोहोचवणे आपल्या हातात आहे. सोबत एक ओळ बिलावर ठळक छापायला सांगा : ही जोडणी जागेच्या मालकीचा किंवा भाडेहक्काचा पुरावा नाही. त्या एका ओळीने जेवढी नाहरकत पत्रे सुटतील तेवढी कोणत्याही सक्तीने सुटणार नाहीत.

दिल्लीने २०१९ मध्ये भाडेकरूंसाठी प्रीपेड मीटरची योजना आणली. मालकाच्या नाहरकत पत्राशिवाय, भाडेकरार किंवा भाडेपावती दाखवून आणि ठराविक रक्कम भरून भाडेकरूला स्वतःच्या नावाने मीटर घेता येतो. प्रीपेड असल्याने थकबाकी राहत नाही आणि मालकाची मोठी चिंता तिथेच संपते. गॅसच्या बाबतीत आपल्याकडेही हे घडलेले आहे. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही; चाकणला कामाला आलेला बिहारचा मुलगा पहिल्याच आठवड्यात स्वतःचा स्वयंपाक करू शकतो. गॅसला जे जमले ते विजेला जमू नये असे काही कारण मला दिसत नाही, विशेषतः आता घरोघर नवे स्मार्ट मीटर बसत असताना.

जिथे मीटर वेगळे करणे खरेच शक्य नाही तिथे माझी दुसरी विनंती लागू पडते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच आहे. एका मीटरमागे किती चुली आहेत याची नोंद घेऊन टप्पे तेवढ्या पटीने वाढवा. चार कुटुंबे असतील तर पहिली चारशे युनिटे स्वस्त टप्प्यात धरा, स्थिर आकार चौपट घ्या. खोटी कुटुंबे दाखवून श्रीमंत घरे स्वस्त वीज घेतील ही शंका रास्त आहे. आजही एकाच घरात दोन मीटर मागणाऱ्याला स्वतंत्र स्वयंपाकघर आणि स्वतंत्र दार आहे का हे विचारतात ते त्यासाठीच. मग नोंद फक्त नोंदणीकृत भाडेकराराच्या आधारावर द्या. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवणे ही मालकाची जबाबदारी आहे, तरी कित्येक जण ती टाळतात. टप्प्याचा फायदा हवा असेल तर करार नोंदवावाच लागेल, आणि भाडेकरूच्या हातात पहिल्यांदा एक कागद येईल. नोंदणी महानिरीक्षकांचे कार्यालय पुण्यातच आहे. ऑनलाइन कराराच्या नमुन्यात ग्राहक क्रमांक, सबमीटरचा सुरुवातीचा आकडा आणि बिल वाटण्याची पद्धत असे तीन रकाने घालावेत, असे आयोगाने त्यांना कळवावे.

आमच्या खालच्या खोल्यांसाठी वेगळे मीटर घ्यायचे आम्ही ठरवले आहे. वायरिंग तोडून नव्याने करायचे काम चालू आहे. यजमानांना आधी ते पटले नव्हते, हिशेब मांडून दाखवल्यावर पटले. पण आमच्या मागच्या आळीत एका मीटरवर नऊ खोल्या आहेत. तिथल्या मालकिणीची माझ्यासारखी ऐपत नाही, भाड्यावरच तिचे घर चालते. ती वाईट बाई नाही. तिलाही नियम हवा आहे, म्हणजे दर महिन्याला नऊ दारांसमोर उभे राहून प्रत्येकाला पटवत बसावे लागणार नाही.

दर ठरवण्याआधी आपण सूचना आणि हरकती मागवता, जनसुनावणी घेता. तिथे कारखानदार येतात, यंत्रमागवाले येतात, शेतकऱ्यांचे आणि ग्राहकांचे प्रतिनिधी येतात, आणि त्यांचे म्हणणे नोंदले जाते. भाडेकरू येत नाहीत, कारण त्यांच्या नावावर बिलच नसते आणि आपणही वीजग्राहक आहोत हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. पुढच्या वेळी एक बैठक खास या प्रश्नासाठी घ्या. ती भोसरीत किंवा चाकणला घ्या, सूचना मराठीत आणि हिंदीत काढा, कारखान्यांच्या फाटकांवर लावा. आणि शक्य असेल तर गुरुवारी ठेवा. इथल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. खालच्या खोल्यांतली माणसे त्या दिवशी येऊ शकतील.

आपली नम्र,
भोसरी येथील एक घरमालकीण